कूळ : पनवेलच्या खारीतला एक शब्द

मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणे, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरीही. दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले. संस्कृत ‘कुल’ म्हणजे वंश. पुढे सारा भरणारे घर ते कूळ झाले. त्याचा हिशेब लिहिणारा कुळकर्णी, येणेबाकीचा कागद कुळझडती. सावकाराच्या वहीतला ऋणकोही कूळच. कोकणात हा शब्द खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, हाताखालच्या शेतकऱ्याला कायमचा चिकटला.

पनवेलच्या खाडीकाठी हे कूळ जमीन आधी घडवी, मग कसे. खाजणात चिखलदगडांचा बांध घालायचा, ओहोटीला पाणी बाहेर जावे म्हणून उघाडी ठेवायची, काही पावसाळे मिठाचा अंश धुऊन जाऊ द्यायचा, तेव्हा कुठे रात्याचे लालसर भात उभे राही. उधाणाने बांधाला खांड पडली की शेत पुन्हा खारे. बांध राखण्याच्या बदल्यात सवलती आणि कुळांकडून धान्य घेण्याचा हक्क शिलोत्रीदाराला मिळे. पनवेल तालुक्यातल्या शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात तो शब्द अजून ऐकू येतो. सनदेवर नाव शिलोत्रीदाराचे, डोक्यावर चिखलाची पाटी कुळाची.

एकोणिसाव्या शतकातल्या अशा शेतकऱ्याचे घराणे शोधताना हीच गोष्ट आडवी येते. त्याच काळात अमेरिकेच्या सरहद्दीवर नवी जमीन फोडणाऱ्याला १८६२च्या कायद्याने १६० एकर मिळत. पाच वर्षे राहून कसल्यावर ती त्याच्या नावावर होई. तिथल्या जनगणनेत १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आहे. भारतात जनगणनेची घरोघरची जुनी पत्रके जपलीच गेली नाहीत. म्हणून इथला माग माणसाच्या नावाने नव्हे, शेताच्या नंबराने काढावा लागतो.

सुरुवात सातबाऱ्यापासून होते. त्यावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक गाव नमुना सहाकडे नेतो, आणि तिथल्या वारसनोंदीत बाप, मुलगे, विधवा, कधी लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावेही सापडतात. सर्वांत मोलाचा फेरफार बहुधा कूळकायद्याचा. १९४८च्या या कायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ मालक मानले गेले, आणि कलम ३२ग खाली किंमत ठरली. कित्येक घरांचे नाव मालक म्हणून कागदावर प्रथम आले ते इथे. त्यामागे अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३पासून काही वर्षे चाललेला खोतांविरुद्धचा शेतकऱ्यांचा संप आहे, आणि डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयकही.

कूळकायद्याच्या फेरफारामागे गेले की मालकाच्या रकान्यात खोत उभा राहतो. हक्कनोंदीचा कायदाच १९०३चा. त्याआधीचा आधार म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना चौदा : जन्ममृत्यूच्या नोंदी, बापाचे नाव, जात, बहुतेक मोडीत. आडनाव पुष्कळदा नसते, आणि म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत अशी एकाच आडनावाची घरे एकेका गावात अनेक असतात. पनवेल १८८३पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हा जुन्या दप्तराचा शोध आजच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागेत, घेऊन भागत नाही. घरातले कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेले असल्यास तीर्थोपाध्यायाच्या वहीत एखादी पिढी आणखी हाती लागते.

अलीकडच्या टोकालाही एक ठळक फेरफार आहे. १९७०नंतर नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या. सातबाऱ्यावर कमी झालेले नाव कंसात जाते. तशी इथली घराणीच्या घराणी कंसात गेली आणि मालक म्हणून सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ आले. या भूसंपादनाविरुद्धच्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका भूखंड परत देण्याची योजना आली. त्या भूखंडासाठी वारस दाखला लागतो. त्यामुळे खारीत बांध घालणाऱ्याची वंशावळ आज अनेक घरांत पहिल्यांदा सलग लिहिली गेली आहे, ती भूखंडाच्या अर्जाला जोडलेल्या कागदावर.