दहा हजार की चोवीस? अंकपाशापासून पिनपर्यंत

चार अंकी पिन किती बनू शकतात? बहुतेक जण पटकन सांगतील, दहा हजार. प्रत्येक जागी ० ते ९ पैकी कोणताही अंक, म्हणून १० × १० × १० × १०. उत्तर बरोबरच आहे. पण संशोधनाची तयारी करताना पुढचा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हे उत्तर नेमकं कोणत्या अटींवर बरोबर आहे?

अटी बदलल्या की संख्या कशी बदलते, हे बघायला भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडावी. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. म्हणजे हे गणित आपल्या खानदेशात शिकवलं जावं, अशी सोय होती.

अंकपाशातली उदाहरणं क्रमाने बघा. ३, ९, ८ या अंकांच्या किती संख्या? ३ × २ × १ = ६. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती प्रकारे देता येतील? ३६,२८,८००. इथे कोणतीही गोष्ट दोनदा येत नाही. मग २, २, १, १ हे अंक येतात. चार अंकांच्या मांडण्या २४, पण दोन २ एकमेकांच्या जागी गेले तरी संख्या तीच राहते, १ चंही तसंच. म्हणून २४ ला २ ने आणि पुन्हा २ ने भागायचं: उत्तर ६.

एक गोष्ट मात्र जपून. ‘भास्कराचार्यांनी पासवर्ड मोजले’ असं वाक्य थिसिसमध्ये लिहू नका. ते संख्या मोजत होते, गुपितं नाही. हा फरक गणितातही दिसतो: चार अंकी संख्या ९,०००च, कारण संख्या शून्याने सुरू होत नाही. पिन मात्र ०४२७ असू शकतो.

मग पिन चारच अंकी का? त्याचं कारण गणितात नाही. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने नोटा देणारं यंत्र सुरू केलं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं की त्यांच्या मनात सहा अंक होते, पण पत्नी म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतात. दहा लाखांचे दहा हजार झाले ते असे!

आता खरी गंमत. दारावरच्या जुन्या कीपॅडची चारच बटणं झिजलेली आहेत आणि कोड चार अंकी आहे. चोराला दहा हजार कोड तपासायचे नाहीत. अंक कळलेत, फक्त क्रम हवा: २४ प्रयत्न. तीनच बटणं झिजली असतील तर? आपल्याला वाटतं, काम आणखी सोपं. पण आता एक अंक दोनदा आलाय, आणि कोणता ते माहीत नाही. तो तीनपैकी कोणताही असेल; प्रत्येक वेळी मांडण्या २४ ÷ २ = १२. एकूण ३ × १२ = ३६! कमी अंक, पण जास्त शक्यता. दोनच बटणं झिजली असतील तर दोन-दोन वाटणीच्या ६ (हे तर २, २, १, १ चंच उदाहरण) आणि तीन-एक वाटणीच्या ८, मिळून १४.

दार तेच, कोडही चार अंकीच. उत्तरं मात्र १०,०००, ३६, २४ आणि १४. म्हणून सूत्र लिहिण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: अंक पुन्हा येऊ शकतो का? सुरुवातीला शून्य चालतं का? मोजणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे?

सरावासाठी एक: कोड सहा अंकी, झिजलेली बटणं पाच. सहा बटणं झिजली असती तर ७२० शक्यता होत्या. आता किती? कागद घ्या आणि करून बघा.