शरमोचन

ताणलेली दोरी बोटांतून सुटते आणि बाण निघतो, या क्रियेला धनुर्विद्येत शरमोचन म्हणतात. दोरीवर बोटे कशी बसली आहेत यावर ही क्रिया जवळजवळ सर्वस्वी अवलंबून असल्याने दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे. नवशिक्याचे सारे लक्ष सुटण्याच्या क्षणाकडे असते. पण दोरी सुटल्यापासून बाण धनुष्याबाहेर पडेपर्यंत जेमतेम 15 ते 20 मिलिसेकंद जातात. तेवढ्यात सावरता येईल असे काही नसते. चूक बहुधा आधीच, बोटे दोरीला लावतानाच झालेली असते.

दोरी धरण्याच्या रीतींचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण 1885 मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी केले. जपानमध्ये काही वर्षे अध्यापन केलेल्या मोर्स यांनी पाच मुख्य रीती मानल्या. पहिल्या तीन चिमटीच्या आहेत. अंगठा व तर्जनी यांच्यात बाणाची खाच धरायची आणि गरजेप्रमाणे इतर बोटांचा जोर दोरीला द्यायचा. नुसत्या चिमटीने जोरकस धनुष्य ओढले जात नाही. भूमध्यसागरी रीतीत तर्जनी बाणाच्या वर आणि मधले बोट व अनामिका खाली असते. आज स्पर्धांत बोटांनी दोरी सोडणारे बहुतेक तिरंदाज हीच रीत वापरतात. मंगोल रीतीत दोरी वाकवलेल्या अंगठ्यात अडकते व तर्जनी त्याला वरून कुलूप घालते. या रीतीला अंगठ्याचे रक्षण लागते. चीनमधील आन्यांग येथे इ. स. पू. सुमारे 1200 च्या फू हाओ या राणीच्या थडग्यात तिरंदाजाची अंगठी सापडली आहे. मोगल दरबारातील रत्नजडित अंगठ्या प्रसिद्ध असून शाहजहानची एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. क्यूदो या जपानी धनुर्विद्येत अंगठी नसते; तेथे कडक अंगठ्याचा चामडी हातमोजा वापरतात.

उजव्या हाताने दोरी ओढणारा तिरंदाज भूमध्यसागरी रीतीत बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवतो, तर मंगोल रीतीत उजव्या. पकडीमुळे दोरीला जो किंचित पीळ बसतो तो बाणाला धनुष्याकडे दाबतो, म्हणून ही बाजू ठरते. पुस्तकात पाहून पकड बदलणारे हे विसरतात आणि बाण ओढताना खाली पडतो.

भारतीय परंपरेत वासिष्ठ धनुर्वेदात दोरी धरण्याच्या पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी व काकतुंडी अशा पाच मुष्टी सांगितल्या आहेत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना कोठे टेकतात यावर त्यांचे भेद आहेत, आणि प्रत्येकीचे काम वेगळे आहे. उदाहरणार्थ काकतुंडी सूक्ष्म लक्ष्यासाठी. महाभारताच्या आदिपर्वात अंगठा दिल्यानंतर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे म्हटले आहे. कथेचा नैतिक भाग बाजूला ठेवला तर हे निरीक्षण अंगठ्याची रीत जाणणाऱ्याचे वाटते. भिल्ल तिरंदाज एकलव्याच्या आदरापोटी अंगठा न वापरता तिरकामठा चालवतात, असे सांगण्याची प्रथा आहे. ती श्रद्धा म्हणून नोंदवावी. अंगठ्याविना दोरी ओढण्याची रीत जगात इतरत्रही सर्रास आढळते.

बोटे लावण्याची योग्य तऱ्हा भूमध्यसागरी रीतीच्या आधारे सांगता येते. दोरी बोटांच्या टोकांवर न ठेवता पहिल्या पेराच्या घडीत किंवा किंचित मागे बसवावी. टोकावर धरलेली दोरी निसटू नये म्हणून बोटे आवळावी लागतात आणि तो ताण मनगटापर्यंत चढतो. घडीत बसवलेल्या दोरीवर बोटे आकड्यासारखी नुसती वाकलेली राहतात आणि ओढण्याचे काम पाठीचे स्नायू करतात. भार सर्वाधिक मधल्या बोटावर येतो. तर्जनी व अनामिका यांच्यातील वाटणी व्यक्तीनुसार बदलते, मात्र एकदा ठरली की ती प्रत्येक बाणाला तीच हवी. हाताची पाठ सपाट, मनगट सरळ, करंगळी सैल आणि अंगठा तळव्याकडे वळवलेला असावा. अंगठा ताठ राहिला की शेजारची बोटेही ताठरतात.

खाच आणि तर्जनी यांच्यात थोडी फट ठेवावी. पूर्ण ताणावर दोरीचा कोन अरुंद होऊन बोटे एकमेकांकडे सरकतात आणि बाण चिमटीत सापडतो. धनुष्य जितके आखूड, तितका हा त्रास जास्त. तिन्ही बोटे बाणाखाली लावणाऱ्यांना तो कमी होतो; शिवाय बाण डोळ्याजवळ येत असल्याने नेम धरणे सोपे जाते.

सोडताना बोटे उघडू नका, ढिली करा, असे गुरू सांगतात. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. ते सैलावले की दोरीच बोटांना बाजूला सारते. स्नायूंच्या विद्युत्‌लेखनात मात्र कसलेल्या तिरंदाजांचे बोटे उघडणारे स्नायूही त्या क्षणी काम करताना दिसतात. म्हणजे गुरूची सूचना शरीरशास्त्र म्हणून अपुरी आहे, पण शिकवण म्हणून पक्की आहे, कारण मुद्दाम बोटे उघडणाऱ्याची तिन्ही बोटे एकाच वेळी उघडत नाहीत. रॉजर अ‍ॅस्कम यांनी ‘टॉक्सोफिलस’ (1545) या इंग्रजी ग्रंथात मोचन जलद पण मवाळ असावे असे म्हटले आहे.

बोटांवरून सुटताना दोरी सरळ पुढे न जाता प्रथम थोडी बाजूला सरकते. त्यामुळे बाण वाकतो आणि लवचत धनुष्याला वळसा घालून जातो. 1930 च्या दशकातील अतिवेगवान छायाचित्रणाने हे स्पष्ट दिसले. बाणाचा कडकपणा या लवचण्याला जुळेल असा निवडतात. म्हणून मोचन निर्दोष असण्यापेक्षा दर वेळी सारखे असणे महत्त्वाचे.

सर्वांत सामान्य दोष म्हणजे तंबोऱ्याची तार छेडावी तशी दोरी चेहऱ्यापासून बाहेर झटकणे. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बाण त्यामुळे सहसा डावीकडे जातात. दुसरा दोष, सोडण्याआधी हात नकळत पुढे सरकणे. येथे ताण घटून बाण खाली लागतो. पाठीचा ताण टिकला असेल तर सुटलेला हात जबड्यालगत आपोआप कानाकडे जातो. हा हात मुद्दाम मागे नेण्याची नक्कल निरुपयोगी आहे.

सुधारणेसाठी सर्वांत चांगला सराव लक्ष्याविना होतो. दोन-तीन मीटरवर गवताची गंजी, हलके धनुष्य आणि शक्य तर मिटलेले डोळे. गुण मोजायचे नसले की लक्ष बोटांवर राहते. धनुष्याविना दोरीचा फास दोन हातांत ताणूनही पकड तपासता येते. जोरकस धनुष्याची हौस हा या सरावाचा मोठा शत्रू आहे. वेदनेच्या धास्तीने आवळलेली बोटे कधीच नीट सुटत नाहीत.

बोटांचे संरक्षण जुनेच आहे; महाभारतातले योद्धे अंगुलित्र बांधतात. आज चामड्याचा टॅब किंवा हातमोजा वापरतात. जाड चामड्यातून दोरी जाणवत नाही, पातळ चामडे बोचते आणि खोल चर पडलेला टॅब दोरी अडवतो. बोटांना बधिरपणा आला तर मज्जातंतूवर दाब पडत आहे असे समजून सराव थांबवावा.

आजच्या सर्वच प्रकारांत मात्र दोरी बोटांनी सोडत नाहीत. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदे मिळवली ती कंपाउंड धनुष्यावर. त्यात दोरी यांत्रिक कळीने सोडतात. सातारा जिल्ह्यातलेच ऑलिंपिकपटू प्रवीण जाधव रिकर्व्ह धनुष्य वापरतात, आणि त्या प्रकारात दोरी बोटांनीच सोडावी लागते.