लेसरने रूट कॅनॉल : दाताच्या मजबुतीचे काय?

रूट कॅनॉल केलेला दात ठिसूळ होतो, असा समज सर्वत्र आढळतो. लेसर वापरल्यास हा धोका टळतो, असेही अनेक रुग्ण आता गृहीत धरतात. दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

रीह, मेसर व डग्लस यांच्या १९८९ मधील प्रयोगात केवळ रूट कॅनॉलमुळे दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्केच घटला; मात्र दोन्ही बाजूंच्या कडा कोरल्यावर ही घट सुमारे ६३ टक्क्यांवर गेली. अर्थात, दात दुबळा होतो तो मुख्यतः किडीने व कोरकामाने गमावलेल्या भागामुळे; नस काढल्यामुळे नव्हे.

लेसरचे काम निराळे. अर्बियम-याग लेसरचे २९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पाण्यात तत्काळ शोषले जातात. त्यामुळे मुळाच्या नलिकेतील जंतुनाशक द्रवात बुडबुडे उठून फुटतात आणि जेथे फाईल पोहोचत नाही अशा फाट्यांतही द्रव शिरतो. यामुळे नलिका फार रुंद करावी लागली नाही, तर डेंटिन वाचते. मजबुतीला होणारा संभाव्य लाभ एवढाच. उलट, ऊर्जा अधिक झाली किंवा लेसरचे टोक एकाच जागी रेंगाळले, तर डेंटिन करपते, त्यात सूक्ष्म भेगा पडू शकतात. मुळाबाहेरील तापमान १० अंशांहून अधिक वाढल्यास भोवतालच्या हाडालाही इजा संभवते.

'लेसरने केले आहे' म्हणून दाढेवरील कॅपचा खर्च टाळणे मात्र महागात पडते. चावताना दाढ मुळापर्यंत उभी चिरली, तर बहुधा ती काढावीच लागते. समोरच्या दातांचे, कडा शाबूत असल्यास, बहुतेकदा साध्या भरणावर भागते.