बेने इस्रायलांचे सण: कोकणचा चंद्र आणि यहुदी पंचांग

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी आपल्या आगमनाची कथा कोकणातील यहुदी समाज, म्हणजे बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. कुलाबा जिल्ह्यातील गावांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारची विश्रांती, मुलग्यांची सुंता, अन्नाचे काही निर्बंध आणि ‘शेमा’, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची हिब्रू घोषणा, एवढे धन त्यांनी ग्रंथाविना राखले. आणि त्याच्याबरोबर सणांची एक मालिकाही राखली, जिची नावे मराठी होती.

ही मालिका शतकानुशतके जागच्या जागी कशी राहिली, याचे उत्तर बऱ्याच अंशी आकाशात सापडते. यहुदी पंचांग आणि कोकणातले पंचांग ही दोन्ही चांद्र-सौर आहेत: महिना चंद्रावर मोजायचा आणि ऋतू ढळू नयेत म्हणून साधारण एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना घालायचा, ही रीत दोघांचीही. त्यामुळे अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येणारा पुरीम हा सण बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपासच पडे, आणि बेने इस्रायल त्याला सरळ ‘होळीचा सण’ म्हणत. तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी येणारा प्रायश्चित्ताचा उपवास, योम किप्पूर, शुद्ध दशमीच्या सुमारास पडे. त्याला ‘दारफाळणीचा सण’ हे नाव होते, कारण त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून घरे बंद करून लोक आत बसत. दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’ला दानधर्म आणि भेटीगाठी होत.

तिथी चंद्राने सांगितली, पण सणाचा अर्थ स्वयंपाकघराने जपला, आणि या इतिहासाचा खरा कस इथेच आहे. वसंतातल्या पेसाह सणात आंबवलेल्या धान्याला घरात थारा नसतो; मात्र ज्या घरात रोजची भाकरी तांदळाची आणि बिनआंबवलेलीच असते, तिथे या नियमाचे दृश्य रूप काय असणार? बेने इस्रायलांनी आंबट पाण्याचे मडके झाकून ठेवले, आणि सणाचे नाव पडले ‘अनाशी ढाकाचा सण’. नियमाचे शब्द हरवले, पण आंबलेले दूर ठेवायचे हे त्याचे मर्म मडक्याच्या झाकणात टिकले, ही गोष्ट कोणत्याही टीकाग्रंथाइतकीच मोलाची मानली पाहिजे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन त्यांच्याकडे मोड आलेल्या वालांच्या बिरड्याने ओळखला जाई, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’ झाला. तिश्रीच्या पहिल्या आठवड्यात ‘खिरीचा सण’ येई: नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर करून, तिच्यावर धूप दाखवून शेमा म्हटला जाई. हे सारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या इतिहासात नोंदवून ठेवले. ते लेखन १८९७ मध्ये पूर्ण झाले आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापले गेले.

या मालिकेत जे नाही, तेही बोलके आहे. यहुदी धर्मातील तीन यात्रासण पॅलेस्टाइनच्या शेतीला बांधलेले आहेत: पेसाह जवाच्या कापणीशी, शाव्हुओत गव्हाच्या कापणीशी आणि सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, फळे व पीक घरी आणण्याशी. कोकणात शाव्हुओतच्या दिवसांत गहू कापायचा नसतो, भाताची पेरणी तोंडावर असते; तो सण जुन्या मालिकेत आढळत नाही, आणि सुक्कोतच्या जागी खीर दिसते, कारण तेव्हाच हळव्या भाताचे पहिले दाणे हाती येऊ लागतात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात सुरू झालेला हनुक्का हा सणही मालिकेत नसल्यावरून समाज त्याआधी स्वदेशातून निघाला असावा, असा युक्तिवाद केला जातो. तथापि शेतीचा किंवा शेजाऱ्याच्या सणाचा आधार ज्याला नाही तो सण सहज विसरला जाऊ शकतो, म्हणून केवळ अभावावर एवढा मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचे वाटते.

ग्रंथांतले सण पुढे शिकवले गेले. परंपरा पहिल्या गुरूचे नाव दाविद राहाबी सांगते, त्याच्या काळाबद्दल मात्र मतभेद आहेत. १७९६ मध्ये सामुएल इझिकियल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधले. समाज त्याला ‘मशीद’च म्हणे. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी तिथल्या प्रार्थनेची घडी बसवली, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापल्यावर मूळ भाषेची वाट खुली झाली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हागादाच्या, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीच्या, चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बिनआंबवलेल्या रोट्या करताना दिसतात: झाकलेल्या मडक्याच्या सणाला आता त्याची पोथी मराठी अर्थासह मिळाली होती.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला, आणि दिमोना, लोद, अश्दोदसारख्या गावांत सुक्कोत व शाव्हुओत हे सण त्यांच्या मूळ ऋतूंत साजरे करू लागला. कोकणातून मलिदा मात्र बरोबर आला. पोहे, खोबरे, गोडधोड आणि फळे यांचे हे ताट एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचे स्मरण करून नवसाला व मंगलकार्याला मांडतात; अलिबागजवळच्या खंडाळ्यातील खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवल्या जातात. ग्रंथात कुठेही न सांगितलेला हा विधी इस्रायलमध्ये आता वृक्षांच्या नववर्षाला, तू बिश्वातला, सामुदायिकरीत्या होतो.