तोंड, कान आणि बूड : ग्रीक मृत्पात्रांच्या घाटांची मीमांसा

ग्रीक मृत्पात्र समोर आले की नजर आधी त्यावरच्या चित्राकडे जाते आणि भांडे मागे राहते. प्रस्तुत विवेचनात क्रम उलटा ठेवला आहे. विषय आहे तो घाटाचा. काळ मुख्यतः इ.स.पू. सहावे व पाचवे शतक आणि स्थळ अथेन्स, जिथे कुंभारांच्या वस्तीला केरामेइकोस म्हणत.

१. कसोट्या

घाट तीन अवयवांवरून वाचता येतो. आतला पदार्थ किती वेगाने बाहेर यायचा, हे तोंड ठरवते. भांडे किती हातांनी आणि कोणत्या हालचालीने धरायचे, हे कान सांगतात. ते कुठे टेकायचे, हे बूड सांगते.

पाण्याची घागर, म्हणजे हिड्रिया, हे याचे उत्तम उदाहरण. तिला तीन कान असतात. पोटाजवळचे दोन आडवे कान उचलण्यासाठी आणि पाठीमागचा उभा कान ओतण्यासाठी. इथे नावाबद्दलही शंका नाही. इ.स.पू. 570च्या सुमारास कुंभार एर्गोटिमोस आणि चित्रकार क्लेइटियास यांनी घडवलेल्या ‘फ्रांस्वा’ पात्रावर पाणवठ्याचे दृश्य आहे. तिथे पडलेल्या घागरीजवळ ‘हिड्रिया’ हा शब्द लिहिलेला आहे.

२. साठवण आणि वाहतूक

अँफोरा म्हणजे दोन उभ्या कानांचे भांडे. त्याचे दोन वर्ग कार्यावरून पडतात. घरात वापरायच्या चित्रित अँफोराला सपाट बैठक असते. जहाजावरच्या साध्या अँफोराचे बूड निमुळते, टोकदार असते. ते जमिनीवर उभे राहत नाही, पण रांगांमध्ये एकमेकांत अडकवून रचता येते, आणि ओतताना ते टोक दुसऱ्या हाताच्या मुठीत येते. मद्य झिरपू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. हा घाट पुढे रोमन व्यापारातही टिकला. नेवाशाच्या उत्खननात भूमध्यसागरी अँफोरांची खापरे मिळाली आहेत ती या उत्तरकाळातली.

पॅनअथेनाइक अँफोरा हा विशेष प्रकार. अथेन्सच्या क्रीडास्पर्धांतील विजेत्यांना त्यातून ऑलिव्हचे तेल मिळे, प्रत्येकात सुमारे 38 लिटर. एका बाजूला अथेना, दुसऱ्या बाजूला स्पर्धेचे दृश्य. लाल आकृत्यांची पद्धत रूढ झाल्यावरही या बक्षिसांवर जुनीच काळ्या आकृत्यांची पद्धत चालू राहिली.

३. मिसळणे आणि गार करणे

ग्रीक लोक मद्य पाणी घालून पीत. निर्जळ मद्य पिणे रानटीपणाचे मानले जाई. म्हणून मेजवानीच्या मध्यभागी क्राटेर असे. त्याचे नावच ‘मिसळणे’ या क्रियापदावरून आले आहे. पळी किंवा सुरई आत बुडवता यावी म्हणून तोंड रुंद. मद्य गार करण्यासाठी प्सिक्टेर हे छत्रीसारखे फुगीर भांडे क्राटेरमधल्या थंड पाण्यात तरंगत ठेवत. ते फार काळ चालले नाही. इ.स.पू. 520 ते 480 एवढाच त्याचा मुख्य काळ.

४. ओतणे आणि पिणे

ओतण्यासाठी एककानी ओइनोखोए. तिचे तोंड बहुधा तीन पाकळ्यांसारखे चिमटलेले असते, त्यामुळे धार नेमकी पडते. पिण्यासाठी किलिक्स, उथळ, पसरट, दोन आडव्या कानांचा पेला. उभ्याने पिणाऱ्याला तो गैरसोयीचा वाटेल. पण मेजवानीत पुरुष डाव्या कोपरावर रेलून, उजव्या हाताने पीत, आणि त्या बैठकीला उथळ पेलाच सोयीचा. मद्य संपत आले की तळाचे चित्र उघडे पडे. कोट्टाबोस या खेळात याच पेल्याच्या कानात बोट घालून उरलेला गाळ नेम धरून भिरकावत. खोल, सपाट बैठकीचा स्किफोस हा पेला साधा व भक्कम, तर उंच कानांचा कान्थारोस हा दियोनिसोस देवाच्या हातातला.

५. तेल आणि सुगंध

इथे तोंडाची कसोटी सर्वांत स्पष्ट होते. पदार्थ महाग, म्हणून गळा अरुंद. लेकिथोसमधून तेल बारीक धारेने येते. अरिबालोस हा मुठीएवढा बुधला खेळाडू मनगटाला अडकवत. त्याच्या चपट्या, रुंद काठावरून तेल थेट अंगावर पसरता येई. अलाबास्ट्रोनला बहुधा बैठकच नसते, कारण ते टांगायचे.

६. नावांची मर्यादा

आजची काटेकोर नामावली बरीचशी आधुनिक आहे. 1828 नंतर इटलीत वुल्ची येथे हजारो पात्रे निघाली. एदुआर्द गेरहार्ड याने 1831 मध्ये त्यांची वर्गवारी मांडली आणि प्राचीन ग्रंथांतील नावे घाटांना जोडली. प्राचीन बोलीत ‘किलिक्स’ हा कोणताही पेला असू शके, ‘लेकिथोस’ कोणतीही तेलाची कुपी. म्हणून नावावरून उपयोग ठरवू नये. तो तोंड, कान आणि बुडावरूनच पडताळावा.

७. अपवाद

काही पात्रे या कसोट्यांना मुद्दाम चकवतात. मृतांना वाहिलेल्या पांढऱ्या लेकिथोसपैकी काहींच्या आत गळ्याखाली एक छोटी कुपी बसवलेली असते. बाहेरून भांडे भरलेले, आत तेल मात्र थोडेसे. लुट्रोफोरोस ही उंच मानेची सुरई विवाहपूर्व स्नानाचे पाणी आणण्यासाठी होती. अविवाहित राहून मेलेल्याच्या थडग्यावरही ती ठेवत. तिथल्या कित्येक लुट्रोफोरोसना बूडच नाही.

अशा भांड्यात पाणी राहणार नाही हे कुंभाराला ठाऊक होते. तरी त्याने मान तेवढीच उंच ठेवली आणि कानही जागच्या जागी लावले. पाहणाऱ्याने घाट ओळखावा आणि न झालेले लग्न त्याच्या ध्यानात यावे, एवढाच या पात्राचा उपयोग उरला होता. पिढ्यान्पिढ्या खरे पाणी वाहिले होते म्हणूनच रिकाम्या घाटाला हे सांगता आले.