कुर्ल्याचा कारभार कोणाच्या हाती?

कुर्ल्यात बोलायचं आहे, तर सुरुवात इथूनच करू. 1950 पर्यंत कुर्ला मुंबईत नव्हता. शीवला मुंबईची हद्द संपायची. अलीकडे कुर्ल्याची स्वतःची नगरपालिका होती. लहान, पण आपली. 1950 मध्ये हद्द वाढली आणि कुर्ला महापालिकेत आला. मुलुंड-बोरिवलीची पाळी 1957 मध्ये.

आपण ज्या व्यवस्थेत शिरलो ती 1888 च्या कायद्याची. फिरोजशहा मेहतांनी त्यासाठी खूप झगडा केला. या कायद्यात एक मौज आहे. मौज म्हणतो, पण हसण्यासारखी नाही. शहराचा कारभार लोकनियुक्त महापालिकेचा. अंमलबजावणीचा अधिकार मात्र आयुक्ताचा, आणि आयुक्त नेमणार सरकार. नगरसेवकांना तो नको असेल तर एकूण संख्येच्या पाच-अष्टमांश मतं हवीत. आज सभासद 227, म्हणजे 142 मतं. तत्त्वज्ञानात आम्ही विचारायचो, कर्ता कोण? इथं ठरवणारा एक, करणारा दुसरा, आणि करणाऱ्याचा धनी तिसराच.

हा तिसरा धनी थेट दिल्लीत बसणार होता, हे आपण विसरलो. जानेवारी 1956 मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर केलं. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. रस्त्यावर गोळ्या चालल्या. हुतात्मा चौक त्याचीच आठवण आहे. आपण भाषेसाठी लढलो, हे खरंच. पण त्यात दुसराही प्रश्न होता: या शहराचे कायदे कोण करणार? केंद्रशासित शहर म्हणजे काय, ते दिल्लीकडे बघून कळतं. 1991 च्या घटनादुरुस्तीनं तिथं विधानसभेची तरतूद झाली, पण पोलीस आणि जमीन केंद्राकडेच राहिली. अमेरिकेतही तेच. वॉशिंग्टनला 1973 मध्ये स्वशासन मिळालं, तरी नगरपरिषदेनं केलेला कायदा काँग्रेस रद्द करू शकते.

आपण दिल्लीचा हात दूर ठेवला. 1960 मध्ये मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. पण मंत्रालयाचा हात? तो 1888 पासून होता तिथंच आहे, आणि त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही. आपलंच सरकार ना! माझ्या मते चूक इथं झाली. वरचा माणूस आपला असला म्हणून खालचा अधिकार आपला होत नाही.

मिठी नदीचंच बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुर्ला बुडाला. नंतर नदीची कामं वाटली गेली: वरचा भाग महापालिकेकडे, खाडीकडचा एमएमआरडीएकडे. एमएमआरडीएचे अध्यक्ष राज्याचे नगरविकासमंत्री. क्रांतीनगरमधल्या बाईच्या घरात पाणी शिरलं, तर ती जाते नगरसेवकाच्या दारात. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधल्या चार पावसाळ्यांत त्या दारावर पाटी होती ती माजी नगरसेवकाची.