पुसता न येणारी फाईल

साधारण वीस वर्षांपूर्वी इ-मेलवरून एक निरोप गावोगाव फिरत होता. एका भारतीयाने म्हणे असा शोध लावला होता, की कॉम्प्युटरवर 'कॉन' या नावाचे फोल्डर कोणालाही करता येत नाही, आणि ते का, हे मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनाच काय, खुद्द बिल गेट्स यांनाही सांगता येत नाही. निरोपाखाली 'करून पाहा' अशी प्रेमळ आज्ञा असे. लोक करून पाहत, फोल्डर होत नसे आणि अभिमानाने निरोप पुढे जाई.

त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता, उरलेला खोटा. त्या नकाराचे कारण ठाऊक आहे आणि ते चांगले जुने आहे. आपण एखादी फाईल पुसायला जातो आणि कॉम्प्युटर 'नाही' म्हणतो, तेव्हा आपण त्याला हट्टी, खट्याळ, व्हायरसवाला अशी नावे ठेवतो. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा तो बिचारा कोणाला तरी पूर्वी दिलेला शब्द पाळत असतो. तो शब्द कोणी, कधी, कोणाला दिला हे कळले, की गाठ सुटते.

'कॉन'चेच घ्या. हे 'कन्सोल' या शब्दाचे लघुरूप, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा मिळून झालेली जोडी. अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये छोट्या कॉम्प्युटरसाठी सीपी/एम ही कार्यप्रणाली लिहिली. तिच्यात यंत्राच्या भागांना अशी तीन अक्षरी नावे होती. १९८० मध्ये सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसन यांनी तिच्याच वळणावर एक प्रणाली रचली, मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती 'डॉस' म्हणून जगभर गेली. या डॉसमध्ये 'कॉन' ही जणू एक फाईलच होती. तिच्यात लिहिले की अक्षरे पडद्यावर उमटत, तिच्यातून वाचले की कीबोर्डवरची अक्षरे मिळत. 'प्रन' म्हणजे प्रिंटर, 'ऑक्स' म्हणजे जोडलेले दुसरे यंत्र, आणि 'नल' म्हणजे अशी विहीर, की जिच्यात काहीही टाका, तळाचा आवाज येत नाही. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासची फी भरली, त्यांना 'कॉपी कॉन' ही आज्ञा आठवत असेल. कीबोर्डवरून थेट फाईल लिहायची ती युक्ती होती.

त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. सगळ्या फाईली एकाच अंगणात. फोल्डर आले १९८३ मध्ये, डॉस २.० बरोबर. आता प्रश्न पडला, की जुने प्रोग्राम तर 'प्रन'ला नुसत्या नावाने हाक मारतात. त्यांनी कोणत्या फोल्डरमधून हाक मारली तर प्रिंटरने ओ द्यायची? उत्तर ठरले, कुठूनही. ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये आहेत असे समजायचे. विकत घेतलेला जुना प्रोग्राम नव्या डॉसवर चालेल, हा गिऱ्हाईकाला दिलेला शब्द होता, आणि विंडोजने तो आजवर पाळला आहे. म्हणून 'कॉन' नावाचे फोल्डर करायला गेलात, की प्रणाली म्हणते, या नावाचे माणूस घरात आधीच आहे.

या शब्दपालनाची किंमतही पडली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एखाद्या पत्त्यात 'कॉन' दोनदा लागोपाठ आले, की अख्खे यंत्र कोलमडे. मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यावर दुरुस्ती काढावी लागली. त्याच सुमारास चोरीचा माल दुसऱ्यांच्या सर्व्हरवर दडवणाऱ्या मंडळींनी हेच हत्यार उचलले. आडमार्गाने राखीव नावाचे फोल्डर करायचे आणि त्यात माल भरायचा. मालकाला ते दिसते, पण उघडता येत नाही आणि पुसताही येत नाही. उतारा आहे. आज्ञांच्या काळ्या खिडकीत जाऊन फाईलचा पूर्ण पत्ता लिहायचा आणि त्याच्या आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी तिरपी रेघ द्यायची. याचा अर्थ, नावाचा अर्थ लावत बसू नकोस, दिले आहे तसे घे. शेवटी टिंब किंवा रिकामी जागा असलेली नावे, २६० अक्षरांपलीकडे गेलेले लांबलचक पत्ते, यांनाही हाच उतारा लागू पडतो.

पण ही झाली दुर्मीळ तऱ्हा. आपल्याला रोज भेटणारा नकार वेगळा असतो.

आमच्या गावात तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. माझ्या आईच्या पेन्शनसाठी तिचे आधार कार्ड, रेशन कार्ड आणि अंगठ्याचा ठसा असलेला अर्ज तिथे स्कॅन केला. काम झाल्यावर मी दुकानातल्या मुलीला म्हटले, "बेटा, आता हे सगळे पुसून टाक." अशा दुकानाच्या कॉम्प्युटरवर अर्ध्या तालुक्याचे आधार क्रमांक पडलेले असतात, आणि तिथे कोण कधी बसेल याचा नेम नसतो. तिने बटण दाबले. पडद्यावर पाटी आली, की फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. "चाचा, मी तर सगळं बंद केलंय," ती म्हणाली, "ही नाहीच म्हणतेय."

आपल्या मराठीत पुसणे म्हणजे मिटवणे आणि पुसणे म्हणजे विचारणेही. विंडोज पुसण्याआधी खरोखर पुसते. १९८४ मध्ये डॉस ३.० बरोबर 'शेअर' नावाचा एक प्रोग्राम आला. एकाच फाईलवर दोघांनी एकदम हात घातला तर लिखाणाचा चिवडा होऊ नये, यासाठी फाईल उघडणारा सांगू लागला, की मी आत असेपर्यंत इतरांनी वाचावे की नाही, लिहावे की नाही. १९९३ च्या विंडोज एनटीत डेव्ह कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा करार पक्का केला आणि त्यात पुसण्याची परवानगीही आली. आत बसलेल्याने ती दिली नसेल, तर बाहेरच्याला पुसता येत नाही. कूळ राहत असताना वाडा पाडता येत नाही, तसे.

दुकानात कूळ सापडले ते फोल्डरच्या उजव्या कडेला. तिथे फाईलची छोटी झलक दाखवणारा एक कप्पा असतो. झलक दाखवायची तर फाईल उघडावी लागते, आणि तो कप्पा ती धरून बसला होता. मुलीने तो बंद केला आणि फाईल गेली. कधी हे कूळ म्हणजे व्हायरस तपासणारा प्रोग्राम असतो, कधी छपाईच्या रांगेत अडकलेले काम. मार्क रुसिनोविच आणि ब्राईस कॉगस्वेल या दोघांनी 'प्रोसेस एक्स्प्लोरर' हे मोफत साधन लोकांना दिले, ते कोणती फाईल कोणी धरली आहे हे नावानिशी सांगते. त्यांची कंपनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच घेतली. काहीच न चालले तर यंत्र बंद करून सुरू करा, हा सल्ला आपण हसण्यावारी नेतो, पण त्यात तथ्य आहे. पुसायच्या फाईलींची यादी विंडोजला आधी देऊन ठेवता येते. यंत्र जागे होताना, बाकीचे प्रोग्राम उठायच्या आत, ती यादी निकालात निघते.

युनिक्सवाल्यांनी मात्र दुसरी वाट धरली होती, आणि कवी म्हणून मला ती अधिक आवडते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत ही प्रणाली घडवली. १९७१ च्या तिच्या पहिल्या पुस्तिकेत फाईल पुसण्याच्या मूळ क्रियेचे नाव 'अनलिंक' आहे. म्हणजे मिटवणे नव्हे, गाठ सोडणे. नाव आणि फाईल या दोन गोष्टी. फोल्डरमध्ये फक्त नाव असते. नावाची गाठ सोडायला हरकत नाही, भले फाईल कोणी वाचत असो. वाचणाऱ्याचे वाचून होईपर्यंत निनावी फाईल जिवंत राहते आणि शेवटचा हात सुटला की जाते. याचाही घोळ होतोच. मोठ्या सर्व्हरवर नोंदींची भलीमोठी फाईल पुसली, तरी डिस्कवर जागा होत नाही, कारण कुठलातरी प्रोग्राम ती नावाविना धरून बसलेला असतो.

तिकडे दुकानात फाईल दिसेनाशी झाली होती, पण माझे समाधान झाले नव्हते. ती गेली होती रिसायकल बिनमध्ये. ही टोपली विंडोजमध्ये १९९५ साली आली. अ‍ॅपलच्या 'लिसा' कॉम्प्युटरवर ती १९८३ पासून होती. टोपली रिकामी केली, तरी फाईल जातेच असे नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी केले म्हणून जमीन कुठे जात नाही. सीपी/एममध्ये फाईल पुसली, की तिच्या नोंदीच्या सुरुवातीला एक ठरलेला आकडा लिहिला जाई, बस्स. डॉसने तोच आकडा घेतला आणि तो नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी बसवला. मजकूर होता तिथेच राही, जोवर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही.

पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये गेलेली फाईल परत आणणारा 'अनइरेज' हा प्रोग्राम बाजारात आणला. १९९१ मध्ये डॉस ५.० ने स्वतःच 'अनडिलीट' ही आज्ञा दिली. ती आज्ञा चालवली, की कॉम्प्युटर नम्रपणे विचारी, बाकीचे नाव आठवते आहे, पहिले अक्षर तेवढे सांगा.

या गोष्टीचा सर्वांत मोठा फटका व्हाईट हाऊसमध्ये बसला. नोव्हेंबर १९८६ मध्ये इराणला शस्त्रे विकून त्याचे पैसे निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवल्याचे प्रकरण बाहेर येत होते, तेव्हा जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी कचेरीच्या कॉम्प्युटरवरचे आपले हजारो निरोप पुसून टाकले. पण त्या यंत्राच्या नकला फितींवर नियमित घेतल्या जात. त्या फितींवरून निरोप परत मिळाले आणि चौकशीत वापरले गेले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये, रेगन यांची कारकीर्द संपता संपता, त्या फितीच नष्ट होणार असे दिसल्यावर पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि इतर न्यायालयात गेले. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की इ-मेलसुद्धा सरकारी दप्तरच. छापील प्रत काढली म्हणून मूळ फेकता येत नाही.

म्हणजे सत्तेतल्या माणसाची फाईल टिकावी म्हणून लोकांना भांडावे लागते, आणि माझ्या आईच्या अंगठ्याचा ठसा मिटावा म्हणून मला दुकानात उभे राहावे लागते. नव्या एसएसडी डिस्कवर पुसलेली जागा डिस्क बहुधा स्वतःच लवकर साफ करते. त्या दुकानात मात्र जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. तिच्यासाठी विंडोजमध्येच 'सायफर' नावाची आज्ञा असते. रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर ती तीनदा लिहिते, आधी शून्ये, मग त्यांचे उलट, मग वेडेवाकडे काहीही. चालू फाईलींना धक्का लागत नाही, पण वेळ फार लागतो. मी ती आज्ञा एका चिठ्ठीवर लिहून दिली आणि त्या मुलीने ती पडद्याच्या कडेला चिकटवली. आता शनिवारी दुकान बंद करताना ती मालकाला सांगून यंत्र चालूच ठेवते, आणि रविवारभर ती डिस्क आत कुरकुरत असते.